तेलाच्या डब्याचं कॅस्टेलम

आमच्या गावची पाण्याची टाकी गढीवर आहे. देशमुखांची गढी कधीच पडली. पांढऱ्या मातीचा ढिगारा आणि एक अर्धवट बुरूज तेवढा उरला. नळयोजना आली तेव्हा गावातली सगळ्यात उंच जागा तीच, म्हणून टाकी तिथंच बांधली. लेकरांना गढी म्हणजे टाकी आणि टाकी म्हणजे गढी. "गढीचं पाणी सुटलं का?" असंच घरोघर विचारतात.

मी भोकरदन तालुक्यात चित्रकला आणि कार्यानुभव शिकवायचो. आता निवृत्त आहे. 'कॅस्टेलम' हा लॅटिन शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी चमकलोच. त्याचा अर्थ छोटा किल्ला, म्हणजे आपली गढी. आणि रोमन लोक शहराला पाणी वाटून देणाऱ्या टाकीलाही कॅस्टेलमच म्हणायचे. आमच्या गावानं हे दोन अर्थ एकमेकांच्या डोक्यावर बांधून ठेवले होते आणि गावात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

त्या कॅस्टेलमचं पाण्यावर चालणारं मॉडेल कसं करायचं, ते सांगतो. विज्ञान प्रदर्शनासाठी सहा वर्षांत चारदा केलंय, त्यातलं पहिलं सपशेल फसलं. कुठं फसलं ते मध्येच येईल.

आधी थोडं समजून घ्या, नाहीतर नुसतीच पत्राकटाई होईल. डोंगरातून किंवा झऱ्यापासून बांधीव कालव्यानं पाणी येतं ते शहराच्या वेशीपाशी, उंचावर. तिथं ते एका टाकीत पडतं, शांत होतं, गाळ बसतो आणि मग वेगवेगळ्या नळांत वाटलं जातं. व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुकारानं इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात ही वाटणी लिहून ठेवली आहे: टाकीला लागून तीन हौद, तिन्हींना सारखे नळ. मधल्या हौदाचं पाणी रस्त्यावरच्या सार्वजनिक हौदांना आणि कारंज्यांना. कडेच्या एकाचं स्नानगृहांना, दुसऱ्याचं खासगी घरांना, आणि ही घरं पाणीपट्टी भरणार, त्यातून कालव्याची डागडुजी होणार. खरी मेख पुढं आहे. कडेचे दोन हौद भरून वाहिले की ते मधल्यात वाहतात. म्हणजे श्रीमंताच्या घरचं उरलेलं चौकातल्या घागरीला. उलट कधीच नाही.

इटलीतल्या पोम्पेई शहरात असं कॅस्टेलम आजही उभं आहे. शहराच्या सगळ्यात उंच टोकाला, वेसूव्हियस वेशीजवळ, विटांचं घुमटवजा घर आणि पुढून निघणारे तीन नळमार्ग. फ्रान्समधल्या नीम शहरातलं त्याहून देखणं आहे. साधारण साडेपाच मीटर व्यासाचा गोल दगडी हौद, भिंतीत नळांसाठी १० भोकं आणि तळाला आणखी ३. तिथं सुमारे ५० किलोमीटर लांबून पाणी यायचं आणि एवढ्या अंतरात उतार एकूण वीस मीटरसुद्धा नव्हता. आमचे गवंडी शंभर फुटांच्या नालीला उतार काढताना भांडतात, म्हणून मला याचं जास्त कौतुक.

आणि पोम्पेईचा आम्हाला जिव्हाळा का, तर १९३८ साली तिथल्या एका घरात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तशाच घडणीचं काम भोकरदनच्या आणि तेरच्या उत्खननातही मिळालं. इसवी सन ७९ मध्ये वेसूव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा कदाचित आमच्याच केळणा नदीकाठच्या कुणा कारागिराच्या हातची बाई त्या शहरात उभी होती. लेकरांना हे सांगितलं की पुढचे दोन तास ती जागची हलत नाहीत.

आता सामान. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा पत्र्याचा डबा, किराणावाल्याकडं मिळतो. आत जो तेलाचा ओशट थर असतो तो राखेनं घासून पूर्ण काढा, नाहीतर एम-सील धरत नाही. अर्ध्या इंचाचा सीपीव्हीसी पाईप तीन फूट. अर्ध्या इंचाचे तीन टँक निपल, वॉशरसकट. टेफ्लॉन टेप. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, दीड फूट बाय एक फूट पुरतो. एम-सीलची दोन मोठी पाकिटं. तीन लाकडी खुंट्या, पाईपच्या तोंडात घट्ट बसतील अशा. आणि गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल पाईप, ती उसनी आणा. बबलवाली लेव्हल नको, तिच्यावर माझा आता विश्वास नाही.

डबा आडवा टाका. आता तो साधारण चौदा इंच लांब, नऊ इंच रुंद आणि नऊ इंच खोल. वरची बाजू कापून काढा, पण कडेनं अर्धा इंच पत्रा ठेवा आणि तो पकडीनं आत दुमडा. हे काम मोठ्यांनीच करायचं. एका मुलानं "सर, मी करतो" म्हणून कातर ओढली आणि हात कापून घेतला. त्याच्या आईला काय सांगू, या विचारात माझा तो अख्खा दिवस गेला.

पाणी पडणार त्या टोकापासून चार इंचांवर ॲल्युमिनियमची आडवी भिंत बसवा, सहा इंच उंच. ही झाली शांत व्हायची खोली. भिंतीच्या वरच्या कडेला सारख्या अंतरावर तीन खाचा, प्रत्येकी एक इंच रुंद, तळापासून बरोबर चार इंचांपर्यंत खाली उतरलेल्या. उरलेल्या दहा इंचांत लांबीच्या दोन भिंती घाला, म्हणजे तीन हौद होतील. या भिंती तीनच इंच उंच ठेवायच्या, म्हणजे खाचांपेक्षा एक इंच खाली. कडेचा हौद भरला की पाणी परत मागं न सरकता मधल्यात सांडलं पाहिजे. शेवटच्या टोकाला प्रत्येक हौदाला तळापासून एक इंचावर एक भोक, त्यात टँक निपल आणि पुढं सहा इंचांचा पाईप.

तिन्ही भोकं एका रेषेत आली पाहिजेत. फुटपट्टीनं नाही, पाण्यानं. डबा ठेवून त्यात थोडं पाणी ओता आणि पाण्याची रेघ जिथं टेकते तिथं खिळ्यानं ओरखडा काढा. त्या ओरखड्यावर भोकं पाडा.

सांधे एम-सीलनं बुजवताना कोपरा काटकोनात सोडू नका. अंगठा ओला करून आतून गोलाई द्या. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला गवंडी कोपऱ्यात वाटा मारतात तसं. रोमन टाक्यांतही जमीन आणि भिंत जिथं मिळते तिथं अशी गोल पट्टी असते, आणि त्यांचा आतला गिलावा चुन्यात विटा-खापरांचा चुरा कालवून केलेला. त्यालाच आपल्याकडं सुरखी म्हणतात. आमच्या गढीच्या आडालाही तोच गिलावा होता. लॅटिन नाव पाठ करायला लावण्यापेक्षा मी लेकरांना पडक्या बुरुजातला सुरखीचा एक खडा हातात देतो. एम-सील रात्रभर वाळू द्या. पहिल्या वर्षी मी चार तासांत पाणी सोडलं आणि सगळं कालवण झालं.

वाळलं की डबा टेबलावर ठेवा आणि लेव्हल पाईपनं चारही कोपरे जुळवा. कमी पडेल तिथं पुठ्ठ्याची घडी सारा. इथं कंटाळा करू नका. तालुक्याच्या प्रदर्शनात आमचं टेबल मांडवात, नांगरलेल्या रानावर ठेवलं होतं. शाळेत अगदी सारखे वाहणारे तीन नळ तिथं भलतंच वागायला लागले. घरांच्या नळाला स्नानगृहाच्या नळाच्या तिप्पट पाणी! परीक्षक समोर उभे आणि माझी पाटी म्हणते 'समान वाटप'. टेबल एका बाजूला फक्त दोन सूत, म्हणजे पाव इंच, कललं होतं. खाचेवरून पाणी जातं तेव्हा त्याचा थरच मुळी तीन सुतांच्या आसपास असतो, त्यातले दोन सूत एका बाजूला गेले तर दुसरीकडं उरणार काय? आमचा नंबर आला नाही. पण त्या दोन सुतांनी मला जे शिकवलं, त्यावर पुढची तिन्ही मॉडेलं उभी राहिली.

आता पाणी सोडा. नळ एवढाच उघडा की दहा लिटरची बादली दीड-दोन मिनिटांत भरेल. पाणी सरळ खोलीत आदळू देऊ नका. पाईपच्या तोंडाखाली एक खापराचा तुकडा ठेवा, म्हणजे लाटा उठत नाहीत. तीन नळांखाली तीन सारखे डबे लावा आणि खालचं पाणी पुन्हा वर ओतायला एक मुलगा बसवा. आमच्याकडं एप्रिलमध्ये टँकर चालू असतो. मॉडेलसाठी पाणी वाया घालवलं तर गाव मॉडेल बघायला नाही, मला बघायला येईल. वीस लिटरमध्ये दिवसभर भागतं.

तिन्ही नळ सारखे वाहायला लागले की घरांच्या नळात खुंटी मारा. तो हौद भरेल, मधल्या भिंतीवरून सांडेल आणि चौकाचा नळ जाड होईल. मग स्नानगृहाचाही बुजवा. आता सगळं पाणी चौकात. झाला व्हिट्रुव्हियस. इथं पाहुणे हमखास मान हलवतात आणि पुढच्या टेबलाकडं निघतात. त्यांना थांबवा, कारण मजा पुढं आहे.

दुसरी आडवी भिंत तयार ठेवायची, पहिलीसारखीच, पण खाचा वेगवेगळ्या खोल. मधली चार इंचांवर, स्नानगृहाची तिच्यापेक्षा दोन सूत वर, घरांची आणखी दोन सूत वर. ही मांडणी व्हिट्रुव्हियसच्या शब्दांत नाही, मी केली आहे. नळ पूर्ण सोडला की तिन्ही वाहतात. आता नळ हळूहळू बारीक करा, म्हणजे उन्हाळा आणा. आधी घरं कोरडी. मग स्नानगृह. चौक शेवटपर्यंत वाहतो. एकदा मी खाचांच्या उंचीचा क्रम उलटा केलेली भिंत बसवली आणि चौक आधी आटला. वरच्या आळीतली एक मुलगी म्हणाली, "सर, हे तर आमच्या गल्लीसारखंच व्हायलंय की." मी काही बोललो नाही, नुसती भिंत तिच्या हातात दिली. तिनं ती तीनदा काढून तीनदा घातली.

व्हॉल्व्हशिवाय, चावीशिवाय, कुणाला फोन न करता, नुसत्या खाचेच्या उंचीनं कोण आधी तहानेल ते ठरतं. गावात पाणी सोडणारे मामा हे रोज बघतात. त्यांना मी मॉडेल दाखवलं तर म्हणाले, "यात नवीन काय? खालच्या आळीचा व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय वरच्या आळीला चढतच नाही."

हेच रोममध्ये एका माणसानं लिहून ठेवलंय. सेक्स्टस ज्यूलियस फ्रॉन्टिनस. इसवी सन ७० च्या दशकात तो ब्रिटनचा राज्यपाल होता. तिथं त्यानं वेल्समधल्या टोळ्यांशी लढाया केल्या, म्हणजे पहिल्या अर्थाच्या कॅस्टेलमशी त्याचा रोजचा संबंध. पुढं सन ९७ मध्ये त्याला रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख केलं आणि म्हातारपणी तो दुसऱ्या अर्थाची कॅस्टेला (कॅस्टेलमचं अनेकवचन) मोजत बसला. शहरात २४७ भरली. कालव्याला कुणी मध्येच भोक पाडायचं नाही, पाणी घ्यायचं ते कॅस्टेलममधूनच, आणि तेही शिक्का मारलेल्या काशाच्या तोटीतून. तोटी निदान १२ अंगुळं लांब. रोमन अंगुळ आपल्या अंगुळाएवढंच, पावणेदोन सेंटीमीटरच्या जरा वर. शिसं मऊ, ठोकून रुंद करता येतं, काशाला तसं करता येत नाही, म्हणून तोटी काशाची. सगळ्यात चालू मापाच्या नळाचा व्यास सव्वा अंगुळ.

त्याची एक सूचना तर मी शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवली होती. सगळ्या तोट्या एका रेषेत बसवा, एकाची वर आणि दुसऱ्याची खाली नको, कारण खालची जास्त ओढते. हे दाखवायला वेगळा डबा करा. उभा डबा, वरच्या कडेला सांडायला एक खाच, म्हणजे पाण्याची पातळी हलत नाही. पातळीपासून दोन इंच खाली एक भोक आणि आठ इंच खाली दुसरं, दोन्ही एकाच खिळ्यानं पाडलेली. खोली चौपट, पण पाणी चौपट येत नाही, दुप्पट येतं. खालचा तांब्या भरतो तेव्हा वरचा जेमतेम अर्धा झालेला असतो. मोठ्या लेकरांना इथं वर्गमूळ शिकवून घ्या, गणिताचे सर खूश होतात.

फ्रॉन्टिनसला चोऱ्याही सापडल्या. कागदावर लहान आणि भिंतीत मोठी अशी तोटी. मालक बदलल्यावर टाकीला नवीन भोक, आणि जुनं तसंच ठेवून त्यातून पाणी विकणारे पाणके. रस्त्याखालून गुपचूप काढलेल्या नळ्या. हे वाचताना मला आमच्या गल्लीतला तो आवाज आठवतो: पाणी सुटलं की पाच मिनिटांत एका घरातून सुरू होणारी घुर्र. सार्वजनिक नळाला थेट मोटर. मॉडेलमध्ये ही चोरी दाखवायची असेल तर सलाईनची नळी शांत व्हायच्या खोलीत बुडवा आणि तोंडानं ओढून खाली सोडा. तिन्ही नळ लगेच बारीक होतात. आमच्या प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी या नळीपुढं होती आणि सगळ्यात जास्त हसूही.

पाईप शिशाचा करून बघू का, असं दरवर्षी एखादा हुशार विचारतो. नाही. रोमन लोक शिशाचा पत्रा दांड्याभोवती वळवून, शिवण डागून नळ करायचे, आपल्याकडचे पत्र्याचे कारागीर पन्हाळ वळवतात तसे. पण शिसं तब्येतीला वाईट आणि मातीचे नळ बरे, हे व्हिट्रुव्हियसनंच तेव्हा लिहिलंय. मातीचे नळ बघायचे तर संभाजीनगरला जा. मलिक अंबरानं सतराव्या शतकात डोंगरातून पाणी आणलं ती नहर बघा. नळाच्या वाटेवर उभे केलेले चौकोनी मनोरेही शोधा. पाणी मनोऱ्यात वर चढतं, हवा सुटते, दाब मोडतो आणि ते पुढं जातं. पोम्पेईच्या गल्ल्यांतही असे मनोरे आहेत, सुमारे ६ मीटर उंच, डोक्यावर शिशाची टाकी असलेले. शहर उतारावर, त्यामुळं वरच्या कॅस्टेलममधून थेट नळ दिला असता तर खालच्या घरांचे सांधे फुटले असते. पाण्याचा १० मीटरचा स्तंभ म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलो दाब. मॉडेलला मनोरा जोडायचा तर पाईप दीड फूट खाली उतरवा आणि पुन्हा एक फूट वर न्या. डोक्यावर बिस्किटाचा छोटा डबा ठेवा आणि त्यातून पुढचा नळ काढा. एका दुपारचं काम आहे.

शेजारी किल्ल्याचं कॅस्टेलमही हवं असेल तर थर्माकोलवर अर्ध्या तासात होतं, दिवाळीच्या किल्ल्याचा हात बसलेल्या लेकरांना तर त्याहून लवकर. फक्त बुरूज आणि वेडीवाकडी तटबंदी करू नका. रोमन छावणी पत्त्याच्या पानासारखी, कोपरे गोल, चार बाजूंना चार दरवाजे, बाहेर व्ही आकाराचा खंदक, मधोमध कचेरी. ब्रिटनमधली रोमन सम्राट हेड्रियनची भिंत सन १२२ मध्ये सुरू झाली. तिच्यावर दर रोमन मैलाला एक छोटी चौकी होती. त्याच भिंतीवरच्या हाउसस्टेड्सच्या किल्ल्यात छपराचं पावसाचं पाणी दगडी टाक्यांत साठवत आणि त्यानं शौचकूप धुत. माळावरच्या किल्ल्याला पाणी कुठून, हा प्रश्न दौलताबादला हत्ती हौदाच्या काठावर उभं राहून विचारा, उत्तर सारखंच निघतं.

शेवटच्या वर्षी लेकरांनी चौथा हौद मागितला, गुरांसाठी. मी नाही म्हटलं, पोम्पेईत नव्हता, आपण मनाचं घालायचं नाही. तीन दिवस त्यांनी तोंड पाडलं. चौथ्या दिवशी बघतो तर चौकाच्या नळाखालच्या डब्याला त्यांनी एक खाच पाडली होती, आणि खाली अर्ध्या नारळाच्या करवंटीत सांडपाणी पडत होतं, शेजारी मातीची बैलजोडी. फ्रॉन्टिनसकडं परत गेलो. हौद भरून सांडणाऱ्या पाण्याला त्याच्याकडं वेगळं नाव आहे, 'कॅड्यूका', म्हणजे पडलेलं पाणी, आणि ते कुणाला द्यायचं यावरही नियम आहेत. बहुतेक ते गटारं धुवायला सोडायचे. आमचं करवंटीत गेलं. पाटीवर मी 'कॅड्यूका' लिहिलं. खाली त्यांनी खडूनं 'बैलाचं' असं लिहिलं, ते मी पुसलं नाही.